भेग बुजली, पण कुणी बुजवली?

मिक्सरमधून जवसाच्या तेलाचा वास यायला लागला, तेव्हाच मी तो बंद करायला हवा होता. ते तेल कुप्यांच्या आत असायला हवं होतं. मॉर्टर, म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी यांचा माल, घट्ट झाल्यावर कधीतरी त्यात भेग पडेल, भेगेच्या वाटेत आलेली कुपी फुटेल, आतलं तेल भेगेत उतरेल आणि वाळून ती बुजवेल, असा सगळा बेत होता. प्रत्यक्षात माल कालवून होईपर्यंतच तेल बाहेर आलं होतं आणि वाटीच्या कडेला पिवळसर तवंग धरला होता.

या कुप्या म्हणजे मायक्रोकॅप्सूल. डोळ्यांना बारीक रव्यासारख्या दिसतात. प्रत्येक कण म्हणजे बाहेर कवच आणि आत द्रव. ही युक्ती मुळात बांधकामातली नाही. पावतीपुस्तकात कार्बन न घालता खालच्या पानावर अक्षरं उमटतात, तो कागद १९५०च्या दशकात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतल्या बॅरेट ग्रीन यांच्या कामातून आला. वरच्या पानाच्या पाठीवर बिनरंगी रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. पेनाचा दाब पडला की त्या फुटतात, आणि खालच्या पानावरच्या लेपाशी भेट झाली की रंग उमटतो. दाब पडेल तिथेच फुटायचं, एरवी गप्प राहायचं. काँक्रीटमध्ये पेनाचं काम भेगेने करायचं, एवढाच फरक.

२००१ साली इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये इपॉक्सी प्लास्टिक स्वतःची भेग स्वतः भरतं, हे दाखवून दिलं. त्यातल्या कुप्या युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या होत्या. तो शोधनिबंध वाचला की कुणालाही वाटतं, हेच सिमेंटमध्ये करू. मलाही वाटलं. प्लास्टिकमध्ये वाळू नसते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पहिल्या कुप्या मी त्याच पद्धतीने केल्या. पाण्यात इमल्शन, म्हणजे पसरलेले तेलाचे बारीक थेंब, धरून ठेवणारं पॉलिमर, त्यात युरिया ५ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड आणि रिसॉर्सिनॉल अर्धा-अर्धा ग्रॅम. पीएच ३.५ वर आणायचा, तेल ओतायचं, ढवळणी चालू ठेवायची, मग फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड, घालून तापमान ५५ अंशांवर न्यायचं आणि चार तास तिथे धरून ठेवायचं. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची गाठ पडून जे पॉलिमर तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेलाच्या थेंबावर जाऊन बसतं. तेच कवच. थेंब केवढा हे ढवळणीवर ठरतं. मिनिटाला दोनशे फेऱ्या ठेवल्या तर मोठाले, दोन हजार केल्या तर बारीक.

कागदावर हे सोपं आहे. माझ्या पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. एकीत पीएच घाईने खाली आणला आणि पॉलिमर थेंबावर न बसता पाण्यातच साकळलं. बीकरच्या तळाशी दह्यासारखा गोळा. दुसरीत फेस इतका झाला की निम्मं तेल फेसातच अडकलं. एक-दोन थेंब ऑक्टॅनॉल टाकलं की फेस बसतो, हे मला प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी सांगितलं. त्यांनी हे रंगाच्या कारखान्यात असताना पाहिलेलं. तिसरीत रात्री ढवळणी बंद पडली. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

चौथी खेप जमली. गाळून, धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर गोल, खरखरीत पाठीचे पिवळसर मणी. बहुतेकांचा व्यास दोनशे मायक्रॉनच्या, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या, आसपास. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. खरखरीत पाठ चांगली, सिमेंट तिला घट्ट धरेल, असंही त्याखाली लिहिलं.

मग तो मिक्सर.

मॉर्टरचं प्रमाण नेहमीचंच घेतलं होतं. सिमेंट ४५० ग्रॅम, प्रमाणित वाळू १३५० ग्रॅम, पाणी २२५ ग्रॅम. एवढ्या मालात ४० बाय ४० बाय १६० मिलिमीटरचे तीन प्रिझम, म्हणजे चाचणीचे लांबट ठोकळे, भरतात. कुप्या सिमेंटच्या वजनाच्या ४ टक्के, म्हणजे १८ ग्रॅम. मी त्या सिमेंटबरोबर सुरुवातीलाच टाकल्या आणि मिक्सर चालू केला. आधी अमोनियाचा झणका आला. धुण्यात कसूर झाली होती, आणि मागे राहिलेलं अमोनियम क्लोराइड सिमेंटच्या आम्लारिपणाला भेटलं की अमोनिया सुटणारच. (त्यातलं क्लोराइड मालात उरतं ते वेगळंच. लोखंडी सळई असलेल्या कामात असला माल कुणी वापरू नये.) मग तेलाचा वास.

मालाचा चिमूटभर भाग पाण्यात खळबळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मण्यांच्या जागी चुरगळलेल्या पिशव्या. त्या कवचाची जाडी दोनशे नॅनोमीटरच्या घरातली असते. म्हणजे एक मीटर व्यासाच्या चेंडूला एक मिलिमीटर जाडीची कातडी. तो चेंडू वाळूच्या कणांत आणि लोखंडी पात्यात घालून कुटला तर काय उरणार? प्लास्टिकच्या प्रयोगात कुप्या मऊ, पातळ राळेत हलकेच मिसळल्या होत्या. माझ्या वाटीत दगडाचं जातं फिरत होतं.

कवच जाड केलं तर? केलं. त्या कुप्या मिक्सरमधून बऱ्याच वाचल्या. मग प्रिझम मोडून पाहिला, तर भेग त्यांना वळसा घालून गेली होती. मोडलेल्या एका बाजूला अख्खी कुपी तशीच बसलेली, समोरच्या बाजूला तिच्या आकाराची स्वच्छ वाटी. एक थेंब बाहेर आला नव्हता. या विषयातला मूळ पेच हाच आहे. कुपी कालवताना टिकावी इतकी चिवट हवी आणि भेग आली की फुटावी इतकी ठिसूळ हवी. एकाच कवचाकडून एकाच वेळी दोन्ही मागता येत नाही.

एकाच वेळी नाही, पण वेगवेगळ्या वेळी मागता येतं. हे मला माझ्या डोक्याने सुचलं नाही. केंब्रिज विद्यापीठात अबीर अल-तब्बा यांच्या गटाने जिलेटिन आणि अरबी डिंक यांच्या कवचाच्या कुप्या केल्या आहेत. ओल्या असताना ते कवच रबरासारखं मऊ असतं, दाबलं तर चपटं होतं आणि सोडलं की पुन्हा गोल. सुकलं की कडक आणि ठिसूळ. ताज्या मालात पाणी असतं तोवर कुपी मऊ, माल घट्ट होऊन आतलं पाणी सरलं की ती कडक. कवचाचा स्वभाव मालाबरोबरच बदलतो. वाचताना मला हसू आलं, कारण पावतीच्या त्या कागदासाठीही मुळात जिलेटिन आणि अरबी डिंकच वापरला गेला होता. म्हणजे मी फिरून तिथेच आले होते.

ही कृती मला फॉर्मालिनच्या कृतीपेक्षा कितीतरी आवडली. एक तर तो डोळ्यांना झोंबणारा, कर्करोगकारक म्हणून नोंद असलेला वायू नाही. आणि दुसरं म्हणजे ती डोळ्यांदेखत घडते. जिलेटिन आणि डिंक कोमट पाण्यात विरघळवायचे, त्यात गराचे, म्हणजे कुपीत भरायच्या द्रवाचे, थेंब ढवळून पसरवायचे. मग ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच ४ च्या आसपास आणायचा. डिंकावर ऋण भार असतोच. पीएच उतरला की जिलेटिनवर धन भार येतो आणि दोघं एकमेकांना बिलगून पाण्यापासून वेगळे होतात. थेंबांमधलं आरपार दिसणारं पाणी एका क्षणी गढूळ होतं. तो क्षण चुकवायचा नाही, तिथे आम्ल थांबवायचं. आता हळूहळू थंड करायचं, दहा अंशांच्या खाली. थेंबांभोवती जेली बसते. शेवटी ग्लुटाराल्डिहाइडने ती जेली पक्की करायची, म्हणजे ती पुन्हा गरम पाण्यात विरघळत नाही.

गरात या वेळी सोडियम सिलिकेट होतं. सिमेंट भिजलं की त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे चुनाच. सिलिकेट त्याला भेटलं की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनतं, आणि सिमेंटला ताकद देणारा मुख्य पदार्थही तोच. म्हणजे भेगेत परकं काही भरायचं नाही, घरचाच माल. अडचण अशी की सोडियम सिलिकेट पाण्यात विरघळतं, आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टीचा थेंब पाण्यात टिकत नाही. म्हणून आधी ते खनिज तेलात बारीक इमल्शन करून कोंडायचं आणि त्या तेलाचे थेंब करायचे. त्यामुळे कुपीत जे असतं त्यातलं सगळं औषध नसतं, बरंचसं तेल असतं. ही गोष्ट पुढे मला चांगलीच नडली.

सिमेंटचा आम्लारिपणा या कवचाला सोसेल का, हे पाहायला मी कुप्या चुन्याच्या निवळीत थोडा कॉस्टिक सोडा घालून बुडवून ठेवल्या. नुसती निवळी पुरत नाही, कारण सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियमही असतं आणि पीएच तेराच्या आसपास जातो. आठवड्याला एकदा बाटली काढून पाहायची. नीट पक्क्या केलेल्या कुप्या टिकल्या, घाईने पक्क्या केलेल्या पहिल्याच आठवड्यात फुगून ढेपाळल्या. ही साधी बाटली सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा जास्त उपयोगाची ठरली. आता नवी खेप झाली की आधी निवळीत, मग बाकी सगळं.

या कुप्या ओल्याच ठेवायच्या असतात. सुकवल्या की कडक होतात आणि मिक्सरमध्ये पुन्हा तेच जातं. शिवाय टाकायच्या शेवटी, बाकीचा माल कालवून झाल्यावर, मिक्सर सावकाश ठेवून. मी तसंच केलं. ४ टक्के म्हणून मोजून कुप्या टाकल्या, प्रिझम भरले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले आणि दाबून पाहिले. ताकद कोऱ्या, म्हणजे बिनकुप्यांच्या, मॉर्टरच्या मानाने जवळजवळ एक चतुर्थांश घटली होती.

मी दोष कुप्यांना दिला. मऊ, पोकळ गोष्ट भरली की ताकद जाणारच. काँक्रीटमध्ये एक टक्का हवा वाढली की दाबसामर्थ्य साधारण पाच टक्क्यांनी उतरतं, हा ठोकताळा आहेच. पण हिशेब करायला बसले तर जमेना. १८ ग्रॅम कुप्या म्हणजे साधारण १८ मिलिलिटर. तीन प्रिझम मिळून ७६८ मिलिलिटर. भाग जेमतेम २.३ टक्के. त्याने दहा-बारा टक्के घट समजली असती. बाकीची कुठून आली?

दोन दिवस शोधलं. कुप्या ओल्या होत्या! त्यांच्या लगद्यात निम्मं वजन पाण्याचं होतं. कोरड्या १८ ग्रॅम कुप्या मिळाव्यात म्हणून मी ३६ ग्रॅम लगदा टाकला होता, हे बरोबर. पण त्याबरोबर गेलेलं १८ ग्रॅम पाणी मालाच्या पाण्यातून वजा केलं नव्हतं. २२५ च्या जागी २४३ ग्रॅम पाणी पडलं. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० ऐवजी ०.५४. सिमेंटच्या कामातली सगळ्यात जुनी चूक, जी गवंड्याकडून झाली तर आपण त्याला सुनावतो. पुढच्या खेपेत पाणी वजा केलं आणि घट अपेक्षेच्या जवळपास आली.

दोष चुकीच्या माथी मारल्याची ही पहिली वेळ. दुसऱ्या वेळी मी श्रेय चुकीच्या माथी मारलं, आणि ते जास्त लाजिरवाणं होतं.

त्याच पहिल्या मालिकेतल्या उरलेल्या प्रिझमना मी भेगा पाडल्या होत्या. प्रिझम भरताना जिथून भेग पडायची त्या बाजूला दोन बारीक तारा घातल्या होत्या, नाहीतर दाब दिला की प्रिझमचे सरळ दोन तुकडे होतात आणि भेग राहतच नाही. तीन बिंदूंवर वाकवायचं, भेग सूक्ष्मदर्शकाने मोजत राहायचं. दाब काढला की तार प्रिझमला मागे ओढते आणि भेग थोडी मिटते, म्हणून ०.२ मिलिमीटर हवी असेल तर ०.३ पर्यंत उघडावी लागते. हे हाताला बसायला बरेच प्रिझम खर्ची पडले. भेग पाडलेले प्रिझम पाण्यात ठेवले आणि चार आठवड्यांनी काढले. भेगेच्या तोंडावर पांढरी रेघ. काही ठिकाणी भेग दिसेनाशीच झाली होती. मी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावला आणि सरांना दाखवला.

सरांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कोरा प्रिझम कुठाय?"

कोरे प्रिझम होते, पण ते सगळे मी ताकद पाहण्यासाठी चुरडून टाकले होते. बिनकुप्यांच्या प्रिझमला भेग पाडून पाण्यात ठेवायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. त्यात काय होणार, भेग तशीच राहणार, हे मी धरूनच चालले होते.

तसं होत नाही. हे मला माहीतही होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. मॉर्टरमध्ये न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं. भेग पडली की त्याच्यापर्यंत पाणी पोचतं आणि ते भिजायला लागतं. शिवाय भेगेतून चुना झिरपून पाण्यात येतो, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक भेगेच्या तोंडाशी बसतात. पांढरी रेघ ती. बारीक भेगा पाण्यात आपल्या आपणच मिटतात, कुपी असो वा नसो. माल जितका कोवळा, तितकं हे जास्त.

म्हणून दुसरी मालिका. या वेळी तीन प्रकारचे प्रिझम: कोरे, सिलिकेटच्या कुप्यांचे आणि नुसत्या खनिज तेलाच्या कुप्यांचे. तिसरा प्रकार सरांनी सुचवला. मला तो फालतू वाटला होता. औषध नसलेली कुपी कशाला? प्रत्येक प्रकाराला वेगळा टब, कारण एकाच पाण्यात ठेवले तर एकातून झिरपलेलं सिलिकेट दुसऱ्याला लागणार. शिवाय प्रत्येकातले काही प्रिझम पाण्याबाहेर, कोरड्या हवेत. गरात तेलात विरघळणारा लाल रंगही घातला, म्हणजे कुपी फुटली की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसावं.

प्रिझम भरताना आणखी एक गोष्ट कळली. साच्यातला माल बसवायला धक्के देतात, थराला साठ. कुप्या पाण्याइतक्या हलक्या, माल त्यांच्या दुपटीहून जड. धक्क्यांनी त्या वर येतात. मोडलेल्या प्रिझमच्या कापात लाल ठिपके भरतीच्या वरच्या बाजूला दाट आणि तळाशी विरळ दिसले. मी तळाकडून भेग पाडत असते तर भेगेच्या तोंडाशी कुप्याच नसत्या. प्रिझम कुशीवर वळवून दाब देतात हे माझं नशीब. माल थोडा घट्ट ठेवला आणि धक्के कमी केले तेव्हा फरक कमी झाला.

आणि मग मी असा हिशेब केला जो सगळ्यात आधी करायला हवा होता. एक पेन आणि कागदाचा अर्धा तुकडा एवढंच लागतं.

भेग म्हणजे मालातून गेलेला एक पडदा समजा. तो कोणत्या कुप्यांना कापेल? ज्यांचं केंद्र पडद्याच्या कुठल्याही बाजूला एका त्रिज्येच्या आत आहे, त्यांनाच. म्हणजे कुपीच्या व्यासाएवढ्या जाडीच्या थरातल्या कुप्या. त्या थरात कुप्यांचा वाटा मालात आहे तेवढाच. माझ्या मालात २.३ टक्के, कुप्या नव्या खेपेत सरासरी ३०० मायक्रॉनच्या. ३०० चे २.३ टक्के म्हणजे सात मायक्रॉन. वाटेतली प्रत्येक कुपी फुटली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी झाली, तरी भेगेत सात मायक्रॉन जाडीचा थर येईल. भेग आहे दोनशे मायक्रॉनची. साडेतीन टक्के! आणि त्या सात मायक्रॉनमध्येही बरंचसं तेल.

मी तो कागद उलटसुलट करून पाहिला. चूक सापडली नाही. व्यास वाढवला की थर वाढतो, कुप्यांचा वाटा वाढवला की थर वाढतो, तिसरा रस्ता नाही. व्यास वाढवला की कालवताना फुटण्याची भीती वाढते, वाटा वाढवला की ताकद उतरते. शेजारच्या टेबलावर एक सहकारी भिंतीतला उष्मा शोषायला मेणाच्या कुप्या मॉर्टरमध्ये घालतो. खोली तापली की मेण वितळतं, निवली की गोठतं. त्याच्या कुप्या काही मायक्रॉनच्या असतात आणि मिक्सरमधून बिनधास्त पार होतात. पण त्याच्या कुप्यांनी कधीच फुटायचं नसतं. त्याचा हेवा वाटतो.

तर चार आठवड्यांनी टब उपसले.

कोऱ्या प्रिझमच्या भेगांवर पांढरी रेघ होती. बारीक भेगा, ०.१ मिलिमीटरच्या आतल्या, तोंडाशी मिटल्या होत्या. मी विरळ आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. कार्बोनेट. सिलिकेटच्या प्रिझमवरही तीच रेघ, तेच फसफसणं. माझ्या पहिल्या फोटोतलं सगळं सौंदर्य पाण्याचं होतं.

नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नव्हता, म्हणून पाणी शोषण्याची चाचणी केली. भेगेची बाजू पाण्याला टेकवून ठेवायची आणि ठरावीक वेळाने वजन करायचं. इथे मात्र सिलिकेटचे प्रिझम स्पष्ट पुढे. कोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पाणी ओढत होते. दोन मिनिटं मला वाटलं, जमलं. मग खनिज तेलाच्या प्रिझमची वजनं लिहायला घेतली. तेही जवळजवळ तितकंच कमी पाणी ओढत होते. त्यांत औषध नव्हतंच. फुटलेल्या कुपीतलं तेल भेगेच्या भिंतींना लागलं होतं आणि तेल लागलेल्या भिंतीवर पाणी चढत नाही. भेग उघडीच होती, नुसती पाण्याला नको म्हणत होती.

तो फालतू वाटलेला तिसरा टब नसता, तर मी हे आकडे 'भेग बुजल्याचा पुरावा' म्हणून लिहून मोकळी झाले असते. आणि मला राहून राहून वाटतं की मी एकटी नसते.

पाणी भेगेतून आरपार सोडून पाहिलं तेव्हा तिन्हींत थोडा खरा फरक दिसला. प्रिझमच्या भेगेवर नळी चिकटवायची, त्यात पाणी भरायचं आणि पातळी किती वेळात उतरते ते पाहायचं. वरून पाण्याचा दाब असल्यामुळे तेलाचा रुसवा इथे फारसा चालत नाही. सिलिकेटचे प्रिझम बाकीच्या दोन्ही प्रकारांपेक्षा सावकाश झिरपत होते. सगळे नाही, पण बहुतेक. भेग उघडून पाहिली तर लाल डागांच्या कडेने, जिथे भेगेच्या दोन भिंती एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या, तिथे पांढरट जेलीसारखं काही साकळलेलं होतं. तिथे आम्ल टाकलं तर फसफसलं नाही. सात मायक्रॉनने दोनशेची भेग भरत नाही, पण भेग सगळीकडे दोनशेची नसते. वेडीवाकडी असते, वाळूच्या कणांना वळसे घेत जाते, आणि तिच्या चिंचोळ्या जागी द्रव आपोआप ओढला जातो. पाणी अडवायला तेवढी चिंचोळी जागा बुजली तरी काही प्रमाणात पुरतं.

ताकद मात्र परत आली नाही. प्रिझम पुन्हा वाकवले तर भेग जुन्याच जागी उघडली, सिलिकेटचेही आणि कोरेही. भेग थोडी बुजली होती, सांधली नव्हती. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे बरं आहे. 'सेल्फ-हीलिंग' म्हटलं की दोन्ही त्यात खपून जातं. कोरड्या हवेतल्या प्रिझममध्ये तर कुठल्याच प्रकारात काही घडलं नाही. लाल डाग होते, म्हणजे कुप्या फुटल्या होत्या. पण सिलिकेटला चुन्यापर्यंत न्यायला पाणी लागतं, आणि पाणी नव्हतं.

मग हे सगळं निरुपयोगी का? मला तसं वाटत नाही. २०१५ साली वेल्समधल्या ए४६५ रस्त्याच्या कामावर कार्डिफ, केंब्रिज आणि बाथ या विद्यापीठांच्या गटाने प्रत्यक्ष काँक्रीटच्या भिंती उभारून कुप्या, जिवाणू, आकार लक्षात ठेवणारं पॉलिमर आणि द्रव पोचवणाऱ्या नलिका असे चारही उपाय लावून पाहिले. जागेवरच्या काँक्रीटमध्ये खडी असते, भेगा दहा प्रकारच्या असतात, ऊन-पाऊस असतो. पाणी आत शिरलं नाही तर आतली सळई वाचते, आणि सळई वाचली तर बांधकामाचं आयुष्य वाढतं. तेवढ्यासाठी ताकद परत यायला हवीच असं नाही. माझा आक्षेप कुप्यांवर नाही, तिसऱ्या टबाशिवाय काढलेल्या फोटोंवर आहे. त्यात माझाही एक आहे, अजून फोनमध्ये आहे.

आता नवी मालिका लावली आहे. कुप्यांचा व्यास पाचशे मायक्रॉन, प्रमाण सिमेंटच्या ८ टक्के. कागदावर थर तेवीस मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे दोनशेच्या भेगेचा नववा भाग. ताकद किती उतरते ते अठ्ठावीस दिवसांनी कळेल. लगद्यातलं पाणी या वेळी आधीच वजा केलंय. काकांनी टबांवर माझ्या आधीच चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या आणि एक टब जास्तीचा आणला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"कोरा फुटला तर दुसरा कोरा नको का, ताई?"

म्हणून या वेळी कोऱ्यांचे दोन टब आहेत.